दोनशे चौदा नंबरचा वरवंटा

चेणे गावात डांबर संपतं तिथं अण्णांचं घर आहे, आणि घर संपतं तिथं जंगल. घर कौलारू, तीन खोल्यांचं. पुढं पडवी, मागं पडवी, आणि आता फाटकाला तिकीटखिडकी. अण्णा म्हणजे गुणवंतराव दिघे. पाखरं राखा, झाडं राखा असं या पट्ट्यात कुणाच्या तोंडात नव्हतं तेव्हापासून ते बोलत होते, आणि चाळीस वर्षं बोलून बोलून त्यांनी खडीच्या दोन खाणी बंद पाडल्या. गावानं त्यांना आधी येडा म्हटलं, मग साहेब म्हटलं, आणि वारल्यावर घरापुढच्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं. त्या रस्त्याला सगळे अजून खाणीचा रस्ताच म्हणतात.

जाण्याआधी अण्णांनी कागद करून ठेवला होता. घर जसं आहे तसं ठेवा, येणाऱ्याजाणाऱ्याला बघू द्या. एवढंच. पुढचा सगळा घोळ त्या कागदानं केला.

रखमाबाई भोईर त्या घरात एकतीस वर्षं रांधायला होती. अण्णा गेल्यावर घर सांभाळायला झालेल्या ट्रस्टनं तिला झाडलोटीला ठेवून घेतलं. तिचं स्वतःचं घर गावात, पाच मिनिटांवर. वय ती बहात्तर सांगते, मतदारकार्ड अडुसष्ट सांगतं, आणि दोघंही आपापल्या मतावर ठाम आहेत. अक्षर तिला येत नाही. आकडे येतात.

ट्रस्टची माणसं स्टिकर घेऊन आली तेव्हा ती मोतीबिंदू काढायला दवाखान्यात होती. चार दिवसांनी डोळ्यावर हिरवा पडदा लावून परत आली तर घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना नंबर लागलेले. दाराच्या कडीला नऊ. उंदराच्या पिंजऱ्याला एकसष्ट, आणि शेजारी पाटी : अण्णा उंदीर पकडून जंगलात सोडून देत. ते खरंच होतं. उंदीर दिवेलागणीपर्यंत घरी परत येत, तेवढं लिहायचं राहिलं होतं.

तिच्या नवऱ्याची, विठूची, काळी छत्री दारामागं टांगलेली असायची. तिच्यावर एकशे सात, आणि पाटी : अण्णांची आवडती छत्री. अण्णांनी जन्मात छत्री धरली नाही. चार महिने भिजत हिंडायचे आणि मग शेक द्यायला रखमाबाई. पाटीवर काय लिहिलंय ते तिनं एका शाळकरी पोरीकडून वाचून घेतलं. मग म्हणाली, "विठू गेला, छत्री गेली. चालायचाच."

मागच्या पडवीत तिचा पाटा-वरवंटा होता, सासूच्या वेळचा. दोन घरी दोन पाटे ठेवण्यापेक्षा ती दोन्ही घरांचं वाटण इथंच वाटायची आणि आपलं डब्यात भरून न्यायची. पाट्याला दोनशे तेरा नंबर लागला आणि तो पडवीतच राहिला. वरवंट्याला दोनशे चौदा लागला आणि तो काचेच्या पेटीत गेला. पाटी : दगडी उपकरण. रानबियांची कवचं फोडून अभ्यास करण्यासाठी अण्णा याचा वापर करीत.

तीन वर्षं रखमाबाई त्या पेटीची काच पुसत आली. महिन्यातून एकदा हातात पांढरे मोजे घालून वरवंटाही पुसायचा असा नियम होता. तोही पुसला. घरी जितेशनं, म्हणजे तिच्या मुलानं, मिक्सर आणला होता. दगड पडवीत पडला काय नि पेटीत पडला काय, तिला काही फरक पडत नव्हता.

मग तिची नात निशिगंधा, जितेशची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. येत्या रविवारी बारावा दिवस. बारसं.

बारशाला पोराच्या आधी वरवंट्याचा मान. त्याला न्हाऊ घालायचं, हळदकुंकू लावायचं, कुंची घालायची आणि पोराच्या आधी त्याला पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचं. पोर वरवंट्यासारखं टणक व्हावं म्हणून. भोईरांच्या घरात चार पिढ्या हाच वरवंटा पुढं आणि पोरं मागं, असं चालत आलेलं. एकदाच चुकलं. थोरली जाऊ सासूवर रुसली होती, तिनं आपल्या रोहितच्या बारशाला शेजारणीचा वरवंटा आणला. रोहित आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि नावानं हाक मारली तर वळून बघत नाही. कान तपासले, कान उत्तम आहेत.

गुरुवारी सकाळी रखमाबाईनं झाडू कोपऱ्यात उभा केला आणि मिनलपुढं जाऊन उभी राहिली. मिनल म्हणजे ट्रस्टनं नेमलेली बाई, वस्तूंची देखभाल बघणारी. तिशीची, रोज डोंबिवलीहून घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून येणारी, आणि म्हणून सकाळी पहिला तासभर कुणाशी न बोलणारी.

"मिनलताय, ती पेटी उघड. मना वरवंटा पायजे."

"कुठला वरवंटा, आजी?"

"दोनशे चवदा."

मिनलनं रजिस्टर उघडलं. "ते उपकरण आहे. अण्णा बिया फोडायचे त्यानं."

"अन्नाला मीठ कुठल्या डब्यात हाय ता म्हाईत नव्हता. तो काय फोडतोय! माज्या सासूचा हाय तो. आयतवारी बारसा हाय, पोरीच्या आधी तो फिरवाया लागतो."

मिनलनं पेनचं टोपण काढलं, परत लावलं. तिचा विश्वास बसला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण विश्वासाला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. तिनं भाईंदरला हितेशभाईंना फोन लावला. हितेशभाई ट्रस्टचे सेक्रेटरी. हार्डवेअरचं दुकान, मन मोकळं, पण कायद्याचे पक्के. मिनलनं फोन स्पीकरवर टाकला.

"रखमाबेन, तुमची गोष्ट एकदम बरोबर हाय," हितेशभाई म्हणाले, "पण रूल माने रूल. नंबर लागलेली चीज कमिटीच्या ठरावाशिवाय बाहेर नाय जाणार. कमिटी आता डायरेक्ट दोन महिन्यांनी."

"तवर पोरीला 'ए' म्हनू काय?"

"अरे, नवा घ्या ना! मी देतो माझ्याकडून. एकदम मस्त, पॉलिशवाला."

"पॉलिशवाला तुमच्या नातवाला फिरवा."

हितेशभाई हसले. ते रागावत नाहीत, हीच त्यांच्याशी बोलताना मोठी अडचण. "बरं, काय प्रूफ हाय? तुमचाच हाय असा कुठं लिवलेला?"

"वाटन वाटताना कोन पावती फाडतो काय?"

"बस, तीच तर प्रॉब्लेम हाय," हितेशभाई म्हणाले, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं.

रखमाबाई घरी गेली तर निशिगंधा पोरीला पाजत बसलेली. सगळं ऐकून म्हणाली, "आजी, जाऊ दे ना. त्या लोकांशी भांडून काय मिळणारे? मिक्सरचं भांडं फिरवू. वाटायचंच काम करतं ना तेही."

"फिरव. पोर जलमभर घरघर करंल."

"मग शेजारून आणू."

"रोहितला बगितलास ना?"

निशिगंधानं रोहितकाकाला बघितलं होतं. तिनं पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. रखमाबाई भिंतीला टेकली. कंबर दुखत होती, आणि एकतीस वर्षं आपण त्या घरात ज्याच्यावर हात झिजवले तो दगड आपला नाही हे एका हार्डवेअरवाल्याकडून ऐकून आलेलं आणखीनच दुखत होतं. तसं तिनं कुणाला सांगितलं नाही. कंबरेचं सांगितलं.

"तुज्या बारशाला मी आदल्या सांजला पिशवीत घालून आनला होता," ती म्हणाली. "अन्ना फाटकापर्यंत मागं आला. म्हने, रखमे, आरामात ये. परवा आलीस तरी चालंल. येवढा खूश कंदी बगितला नव्हता. तुजा बारसा कुठल्या तारखेला गो?"

निशिगंधानं बोटांवर मोजलं. "माझा बर्थडे अठ्ठावीस जानेवारी. बारावा दिवस म्हणजे... आठ फेब्रुवारी. अठ्ठ्याण्णव."

"आठ, दोन, अठ्ठ्यान्नव?"

"हो. का?"

रखमाबाई उठून उभी राहिली. ही तारीख ती रोज पुसत होती.

अण्णांच्या बाहेरच्या खोलीत एक मोठा बोर्ड आहे. वर तारीख, ८-२-१९९८. खाली अण्णांच्या वहीतली ओळ : "...पहाटेपासून विलक्षण शांतता. एकसष्ट जातींची पाखरे पाहिली. असा दिवस पुन्हा येणे नाही..." एवढी पाखरं या रानात एका दिवसात कुणीच मोजली नाहीत, ना आधी ना नंतर. म्हणून दर वर्षी आठ फेब्रुवारीला ट्रस्ट इथं पक्षी दिवस करतो. मांडव पडतो, पाहुणे येतात, आणि ती ओळ कुणीतरी माईकवर वाचतं.

शुक्रवारी मिनल ट्रॅफिकमधून येऊन खुर्चीत टेकते न टेकते तोच रखमाबाईनं बोर्डावर बोट ठेवलं.

"ह्या दिसाची वही काढ."

"आजी, ते पान तर बोर्डवर आहेच की."

"अख्खा न्हाय. हितं तीन ठिपके हायेत, तितं तीन ठिपके हायेत. मना वाचता येत न्हाय, ठिपके मोजता येतात. अन्ना ठिपके देनारा मानूस नव्हता. तो शिंकला तरी लिवायचा."

बोर्ड मिनलच्या आधीच्या बाईनं केलेला. मिनलनं मोजे घातले, कपाट उघडलं, एकोणतिसावी वही काढली. पान सापडलं. आधी ती मनातल्या मनात वाचत होती. मग थांबली आणि मोठ्यानं वाचायला लागली, शाळेत उभं करतात तशी.

"रविवार. रखमा आज नाही. नातीचे बारसे म्हणून वरवंटा पिशवीत घालून काल सायंकाळीच गेली. वरवंटा तिच्या सासूचा. काळा कातळ, लांबी एक वीत तीन बोटे, एका टोकाला टवका. तो नसल्यामुळे पहाटेपासून विलक्षण शांतता. एकसष्ट जातींची पाखरे पाहिली. असा दिवस पुन्हा येणे नाही, कारण ती उद्या परत येत आहे. दुपारी जेवायला काही नव्हते. केळी खाल्ली."

मिनलनं मागची पानं उलटली. वरवंटा सहा दहा, हळद्या उडाला. वरवंटा सहा पाच, काही दिसले नाही. वरवंटा पावणेसहा. रखमाला सांगितले की नऊनंतर वाट. म्हणाली, मग जेवणही पाखरांकडेच मागा.

"म्हनली व्हती मी तसा," रखमाबाई म्हणाली. "येवढा बोंबलायचा, तर वाटन चाटून कनाला खायाचा?"

मिनलनं पेटी उघडली. वरवंटा टेबलावर ठेवला आणि बाजूला आपली वीत लावली. मग तीन बोटं. बोटभर कमी पडलं, पण मिनलचा हात तो मिनलचा. टवका जागच्या जागी होता. तिनं हितेशभाईंना फोन लावून पान वाचून दाखवलं, केळ्यांसकट.

"पण मग पक्षी दिवसाचा काय?" हितेशभाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा उतरला. "एवढे मोठे मोठे लोक येतात. त्यांना काय सांगायचा? रखमाबेन रजेवर होती म्हणून पक्षी आले?"

"सांगा की," रखमाबाई लांबूनच म्हणाली. "खोटा हाय काय?"

"बोर्ड मी बदलतेय," मिनल म्हणाली. "पान जसं आहे तसं लावणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"ते नंतर बघू. पण वस्तू बाहेर न्यायला ठराव तर लागेलच ना, मिनलबेन."

"कागदात काय लिहिलंय अण्णांनी, हितेशभाई? जसं आहे तसं ठेवा. बारसं असलं की वरवंटा जातो, हे त्यांच्या वहीतच आहे. आपण तो अडवला तर आपणच मोडतोय."

पलीकडे हितेशभाईंनी एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. "लिवून घ्या बरोबर," हितेशभाई शेवटी म्हणाले. "आणि काय ते... पोरीला आशीर्वाद सांगा माझा."

मिनलनं रजिस्टर ओढलं. दोनशे चौदापुढचं 'दगडी उपकरण' खोडलं आणि लिहिलं : वरवंटा. मालकीण रखमाबाई विठू भोईर. चुकीने नोंद झाली होती. खाली सही केली. रखमाबाईनं अंगठा द्यायला शाई मागितली. मिनल म्हणाली, "तुमचा नाही लागत, आजी. चूक आमची आहे." तरी तिनं उमटवला. जागा मोकळी दिसत होती, म्हणाली.

रविवारी जितेशच्या अंगणात पाळणा बांधला. मोरव्याहून निशिगंधाच्या सासरची माणसं आली, दोन रिक्षा भरून. मिनल आली, झबलं घेऊन. सुट्टीच्या दिवशी ती सकाळपासून बोलत होती. रखमाबाईनं वरवंट्याला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, स्टिकरचा चिकटा खोबरेल लावून काढला, हळदकुंकू लावलं, कुंची बांधली. एका बाजूला ती उभी राहिली, दुसऱ्या बाजूला मोरव्याची विहीण. पोर मुलगी आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं, तरी "कुनी गोविंद घ्या, कुनी गोपाल घ्या" म्हणत आधी वरवंटा गेला, मग मागून पोर. विहिणीच्या हाताला वजन लागलं तशी ती म्हणाली, "बाय माजे, हा पोरीपेक्षा भारी हाय!"

"तरास बी तितकाच दिलाय," रखमाबाई म्हणाली.

आत्यानं पोरीच्या कानात नाव सांगितलं, अंबिका, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. पोरीनं डोळे उघडून आत्याच्या दिशेनं बघितलं, आणि परत मिटले. घुगऱ्या वाटल्या गेल्या. पंगत बसली. पाळण्यात पोर आणि वरवंटा शेजारी शेजारी पडलेले, दोघांच्या डोक्यावर कुंच्या.

निशिगंधानं मिनलकडं एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "आजी, आता हा परत कधी द्यायचा?"

"कोनाला?" रखमाबाई म्हणाली, आणि वरवंट्याची कुंची सोडून पोरीला बांधली, कारण पोरीची ओली झाली होती.