निलंगा ते नांदेड: आजीला खाली न टेकवता

आजीच्या अस्थी घेऊन मी नांदेडला जावं, असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. पण पप्पांचा पाय प्लास्टरमध्ये, दहावा जवळ आलेला, आणि आजीनं गोदावरीच सांगून ठेवलेली. माहेर तिकडचं ना. मग उरला कोण? मुंडण केलेला, बारावी अर्धी सोडलेला, दूध आणायला गेला तर जत्रा बघून परतणारा मी.

अस्थी मडक्यात नेतात. आई म्हणाली, "ह्याच्या हातात मडकं? फुटलंच समजा." म्हणून तांब्याच्या लोट्यात भरल्या, भोवती लाल फडक्याची पोटली, वर गच्च गाठ. पप्पांनी बजावलं, "खाली टेकवू नको. छपराखाली नेऊ नको."

हे नियम मला लहानपणापासून पाठ. आजी निलंग्यात बायकांच्या मयताला अंघोळ घालायची. निरोप आला की पदर खोचून निघायची, घर कुणाचंही असो. मग झोपताना तेच हात माझ्या डोक्यावरून फिरवत सांगायची, "अस्थी खाली टेकवल्या की माणूस तिथंच बसतंय बघ. कुणी उठवलं तरी उठत न्हाई." मी पाय पांघरुणात ओढून घ्यायचो. लग्नाबारशाला तिला कुणी बोलवायचं नाही. आणि ती स्वतः गेली, तेव्हा तिला अंघोळ घालायला गल्लीतली एक बाई पुढं आली नाही. आईनं एकटीनं घातली.

तर प्रवास. शहाणे असाल तर लातूरवरून जा, गाड्या भरपूर मिळतात. मी उदगीरची एसटी धरली, कारण तिथला किल्ला बघायचा राहिला होता. शेजारी एक मावशी होत्या.

"डबा हाय का रे? ठीव की खाली."

"न्हाई मावशी. आजी हाय."

मावशी उठल्या आणि पार मागच्या सीटवर जाऊन बसल्या. कंडक्टर आला. "म्हातारी पंच्याहत्तरच्या वरची हाय ना? मग तिला फुकट हाय. तू तेवढं काढ." गाडी हसली. मला हसू येईना. एसटीचं छप्पर हे छपरात धरायचं का, यावर माझा जीव अडकला होता. प्रत्येक खड्ड्याला मी लोटा छातीशी धरून अर्धा उभा राहत होतो.

उदगीरला उतरलो तेव्हा पोटात आग पडलेली. स्टँडजवळच्या हॉटेलात शिरणार तोच मालकानं हात आडवा केला. "पोटलीत काय हाय?" सांगितलं. "आत नको बाबा. तिथं लिंबाला अडकव. नांदेडला जाणारे समदे तिथंच अडकवतेत."

अडकवली. सुशीला खाल्ली. आपल्याकडचा हा मुरमुऱ्यांचा नाष्टा उदगीरला खायचाच, वरून तळलेली मिरची मागून घ्या. नांदेडच्या गाडीला वेळ होता. मी मनात हिशेब लावला: आजी खाली टेकलेली नाही, वर छप्पर नाही, म्हणजे नियमात बसतंय. आणि रिक्षा करून किल्ल्यावर गेलो.

किल्ला मोठा आहे. खंदक, जाड तटबंदी, आत अंधाऱ्या खोल्या, वटवाघळांचा वास. एका खोलीत वाकून बघत होतो, तेवढ्यात बाहेर एका पोरीच्या हातातली पिशवी वानरानं हिसकली आणि झाडावर पळालं. झाडावर! आजीपण झाडावरच होती. तिथून स्टँडपर्यंत कसा आलो, आठवत नाही.

लिंबावर लाल पोटली होती. देवा! काढून घेतली, आणि हाताला वजन वेगळं लागलं. फडक्यावरून चाचपलं. तांबं नव्हतं, मातीचं मडकं होतं.

"आत्ता एक जीप गेली की नांदेडला," मालक म्हणाला. "देवणीकडचे लोक. त्यांचंबी लालच फडकं होतं."

"कधी?"

"तू किल्ला बघूलालास तवा."

पुढची गाडी कंधार, लोहा करत गेली. रस्त्याचं मला काही विचारू नका. मांडीवर कुणाचं कोण होतं ते ठाऊक नव्हतं, आणि आता खड्डा आला की खरंच फुटायची भीती होती. आजी कुठं असेल? जीपमध्ये पायाशी ठेवली असेल? मध्ये जेवायला थांबले आणि खाली टेकवली असेल तर? पप्पांचा फोन वाजत राहिला. उचलला नाही.

घाटावर उन्हं कलली होती, पायऱ्यांवर जीपभर माणसं बसलेली. पायरीवर आमचा लोटा दिसला. रिकामा, उपडा. शेजारी बसलेल्या ताईंचं तोंड रडून सुजलेलं.

"ताई, हा लोटा..."

"आमच्या आप्पांचा."

"न्हाई ताई. माझ्या आजीचा." मी मडकं पुढं केलं.

त्यांच्या भावानं माझी गचांडी धरली. "कुठं मेला होतास रे?" मग तोच मटकन बसला. "आन् मग आम्ही कुणाला सोडलाव?"

"म्हणलं न्हवतं का मी," ताई म्हणाल्या, "मडक्याचं तांबं कसं झालं? तर म्हणतो, दाजीनं बदललं असंल." मग पाण्याकडं बघत राहिल्या. मी पाया पडायला वाकलो तर हाताला धरून शेजारी बसवलं. "कशी होती रे म्हातारी?"

मी सांगितलं. अंघोळीचं, लग्नाचं, आई एकटी होती ते. ताईंनी डोळे पुसले. "लई रडलाव बघ आम्ही तिच्यासाठी. मी तर पाण्यातच बसले. काय कमी पडू दिलं न्हाई."

मग आप्पांना सोडलं. भावानं माझा हात ओढून मडक्याखाली लावला. "धर. तूच आणलास त्याला."

दुसऱ्या दिवशी लातूरवरून सरळ घरी. पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी कुबडी जवळ ओढली. आता फेकून मारतात, असं वाटलं.

"किती जण होते?"

"जीपभर."

"रडले?"

"लई. ताई तर पाण्यातच बसल्या."

पप्पांनी स्वयंपाकघराकडं तोंड केलं. "ऐकलीस का गं, आईसाठी जीपभर माणसं रडली म्हणे."

आई बाहेर आली. "नंबर घेतलास का त्यांचा? तेराव्याला बोलवू."

मी नंबर घेतला नव्हता. गावाचं नावही नाही. म्हणून हे लिहितोय. देवणीकडं कुणाचे आप्पा एवढ्यात गेले असतील, आणि घाटावर दुसऱ्याच कुणाला सोडलं गेलं असेल, तर रविवारी निलंग्याला जेवायला या. गल्लीतलं कुणी येईल असं वाटत नाही. कणिक किती माणसांची भिजवायची, म्हणून आई सारखी विचारतेय, आणि मला आकडा सांगायची भीती वाटतेय.