‘जाते’चं संदर्भासह स्पष्टीकरण

माझी एकुलती एक कादंबरी कुणीतरी बी.ए.च्या अभ्यासक्रमाला लावली आणि माझ्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. जिंतूर, सेलू, कुठून कुठून फोन येतात. “सर, ‘निरोप’ या विषयावरची अवतरणं कोणती?” पुस्तक वाचलंय का, हे विचारणंही मी आता सोडून दिलंय. बेजार झालोय.

आता तर परीक्षार्थी घरातच. लग्नामुळे राहिलेलं शेवटचं वर्ष सून पूर्ण करतेय. तिनेही सगळ्यांसारखी तीच ओळ काढली. कादंबरीतली आजारी बाई दवाखान्यात न्यायला आलेल्या जीपमध्ये बसते आणि म्हणते, ‘जाते’. घरातून निघताना आपल्यात ‘येते’ म्हणतात, ‘जाते’ म्हणत नाहीत. एवढ्यावर गाइडवाल्याने पान भरलं होतं. बंडखोरी काय, मुक्ती काय, मृत्यूची चाहूल काय!

“मामा, हे खरंय का?” सुनेने विचारलं. “तुमीच लिहिलंय, तुमीच सांगा.”

टाळायचाही कंटाळा आला होता. म्हणालो, “ती बाई म्हणजे तुझी सासू. नांदेडला नेताना गडबडीत तिच्या तोंडून ‘जाते’ निघालं. मी खेकसलो, येते म्हण. ती हसली. म्हणाली, बरं बाबा, येते. झालं?”

सुनेने पुस्तकातलं ते पान काढून पुढची ओळ पाहिली.

“मग ते ‘येते’ पुस्तकात का न्हाई?”

“ती आली नाही म्हणून.”

रागच होता माझा, तिच्यावर. येते म्हणाली आणि आली नाही. तो शब्द कागदावर उतरवायला माझा हात काही धजला नाही. इतक्या पोरांनी ती ओळ उतरवून घेतली, पण पुढे ती काय बोलली हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“हेच लिहू का पेपरात?”

“मार्क जातील. गाइडातलं लिही.”

पेपरच्या दिवशी पिंगळीहून परभणीला जाणारी ऑटो दाराशी येऊन हॉर्न वाजवत होती. सून चपला अडकवत ओरडली, “मामा, जायलेय मी!”

मी गुडघा धरून तसाच उठलो. “येते म्हण, येते!”

ऑटो निघून गेली होती. मी खुर्ची दारात ओढली आणि जेवायलासुद्धा आत गेलो नाही. दुपारी उन्हातून ती आली आणि लांबूनच पेपर कसा गेला ते सांगायला लागली. “लय सोपा होता, मामा, आणि मी...”

“ते राहू दे,” मी म्हणालो. “आधी घरात ये.”