यान्बू ते तबूक, नितीनच्या गाण्यांसोबत

माझा धाकटा भाऊ नितीन तबूकमध्ये सहा वर्षं राहिला आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच, साइटवर काम करताना, हृदयविकाराने गेला. आम्ही यान्बूत, म्हणजे त्याच आखाती देशात, एका दिवसाच्या रस्त्यावर. अंत्यसंस्काराला मी नाशिकला गेले. पण तो कुठे राहायचा, हे कधी पाहिलं नव्हतं. यंदा नवऱ्याच्या प्लांटचं दुरुस्तीसाठीचं शटडाउन लागलं आणि त्याला सुट्टी मिळेना. मी म्हटलं, मीच गाडी काढते. सोबत चौदा वर्षांची इरा.

गाण्यांची यादी मी आधीच फोनमध्ये भरून ठेवली होती, कारण वाटेतल्या उमलज गावाच्या पुढे मधूनमधून रेंज जाते. सगळी दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ब्रिटिश गाणी. पियानोवर हळू सुरू होऊन शेवटी आभाळाला भिडणारी, गिटारवाल्या चिडक्या पोरांची, पाच मुलींनी एका तालात नाचत म्हटलेली. नितीन तेव्हा नववी-दहावीत, मराठी शाळेत. इंग्रजी तो गुरुजींपेक्षा या मंडळींकडून जास्त शिकला. इराला यातली दोन-तीन रीलमुळे माहीत निघाली. “हे इतकं स्लो आहे ओरिजिनली?” तिने विचारलं.

यान्बू ते उमलज दोन तास, रस्ता उत्तम, डाव्या हाताला समुद्र. टाकी निघतानाच भरा. पेट्रोल आपल्याकडच्या साधारण निम्म्या भावात मिळतं, पण पंप लांब लांब आहेत. उमलजला बंदराजवळच्या हॉटेलात बर्फातला मासा आपण निवडायचा, ते तळून भातावर घालून देतात. दोघींना मिळून एक पुरला. पाणी इतकं निळं होतं की इरा फोटो काढायचं विसरली. आम्ही मुक्काम अल वज्हला केला. जुन्या गावात दुरुस्त केलेली पांढरी घरं आहेत, संध्याकाळी फिरायला छान.

तिथे बंदराच्या कठड्यावर बसून मी इराला मामाच्या गमती सांगत होते. भांडणाचं सांगितलं नाही. बाबा आजारी पडले तेव्हा मी नितीनला चार वेळा नाशिकला ये म्हणून सांगितलं. तो दर वेळी ‘सुट्टी नाही’ म्हणाला. बाबा गेले तरी आला नाही. त्यानंतर त्याचे फोन यायचे, मी घ्यायचे नाही. असं दीड वर्ष, तो जाईपर्यंत चाललं.

दुसऱ्या दिवशी दुबापर्यंत किनारा, मग रस्ता डोंगरात चढतो. या टप्प्यात ट्रक बरेच, ओव्हरटेकची घाई करू नका. तबूकला पोचलो तेव्हा गार वारा होता, स्वेटर ठेवाच.

इक्बालभाई आम्हाला न्यायला रस्त्यापर्यंत आले होते. मूळचे रत्नागिरीचे, एसीचं काम करतात. नितीन त्यांच्याच खोलीत राहायचा. मी फक्त एकदा, कागदपत्रांसाठी, त्यांच्याशी फोनवर बोलले होते. त्यांनी घरी माशाचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, स्वतःच्या हातांनी. नितीनची कॉट खिडकीखाली होती. तिथे आता दुसरं कुणी राहतं, चादर नीट घातलेली होती.

जेवताना इक्बालभाई म्हणाले की सकाळी साइटवर जाताना गाडीत नितीनचीच गाणी लागायची, त्यामुळे त्यांनाही पाठ झाली. इराने आग्रह केला तसे ते लाजत, भाकरी हातात धरूनच, एक गाऊ लागले. चाल अगदी बरोबर होती. आणि जिथे गाणारा आवाज उंच नेतो, तिथे ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “लिंबू दे, लिंबू दे.”

माझा घास हातातच राहिला. नितीन आणि मी कॅसेट थांबवून, मागे घेऊन, ऐकू येईल तसे शब्द एका वहीत देवनागरीत उतरवायचो. एक ओळ मात्र कधीच उमगली नाही. तिथे नितीनने ‘लिंबू दे’ लिहिलं होतं. ते आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

“खरे शब्द काय हायत, ताई?” इक्बालभाईंनी विचारलं.

“मला माहीत नाहीत,” मी म्हटलं, आणि रडू आवरेना.

त्यांनी पाणी दिलं. इराला आतल्या खोलीत टीव्ही लावून दिला. मग सांगितलं की बाबांच्या आजारपणात नितीनचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपलेला होता. कंपनीने नवा करून दिला नव्हता, आणि इकाम्याशिवाय देशाबाहेर जायची परवानगी मिळत नाही. तो रोज ऑफिसात जाऊन बसायचा. इकामा झाला, तोवर बाबांना जाऊन तीन महिने झाले होते.

“मी बोललो त्याला, ताईला सांग. तर म्हणाला, घरी सगळ्यांना वाटतं मी इथे मोठा साहेब आहे. नंतर म्हणायचा, ताईने फोन उचलला की सांगेन. उचलशील तेव्हा सांगणार होता तो.”

बोलताना ते ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले होते. मला ते बरं वाटलं.

परतीला आम्ही कुठे फार थांबलो नाही. हा रस्ता जरूर करा, हिवाळ्यात करा, दोन मुक्काम ठेवा. माझ्याकडे त्यातलं समुद्राचं फार थोडं उरलंय.

घरी येऊन सामान काढताना इरा दारात उभी राहिली. इक्बालभाईंच्या घरच्या भिंती पातळ होत्या, तिने सगळं ऐकलं होतं. “व्हाय डिडन्ट यू पिक अप, आई?”

बॅगेतले कपडे मी पलंगावर ठेवले. तिला खोटं सांगायचं नव्हतं.

“मला वाटलं, अजून थोडे दिवस रागावून राहायला वेळ आहे.”

ती जवळ येऊन कपड्यांच्या घड्या घालू लागली.