मामांचा खालचा मुलूख

जमिनीच्या वर राहणाऱ्यांची काळजी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण जमिनीच्या खाली राहणाऱ्यांची काळजी करता करता केस पिकलेला माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. आमच्या ह्यांचे मामा. भीमपूरकडच्या एका गावात त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, मुळे, गाजरं, मेथी, बांधाला भुईमूग, कोपऱ्यात एक विहीर आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक कडुलिंब. एवढ्याशा तुकड्याच्या खाली, मामांच्या म्हणण्याप्रमाणे, एक भरलेला मुलूख नांदत होता. त्याला पाताळ म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. "पाताळ म्हंजे सापाचं न राक्षसाचं," ते म्हणायचे. "हे घरंदाज लोक हायेत. खालचा मुलूख म्हना."

लग्न होऊन पैनगंगा ओलांडली आणि मामांकडे पहिल्यांदा जेवायला गेले, त्याच दिवशी माझी या मुलखाशी गाठ पडली. मामींनी भुईमुगाच्या शेंगा उकडल्या होत्या. नव्या सुनेने काही तरी करून दाखवावं म्हणून मी पातेलं उचललं आणि कढत पाणी अंगणात ओतणार, इतक्यात बाजेवर डोळे मिटून पडलेले मामा धोतर सावरत धावत आले. "थांब वं सूनबाई. पहिले आवाज दे." मी विचारलं, कोणाला? "खालच्याईले. सरका म्हन. लेकरं खेळत आसतीन." मी मामींकडे पाहिलं. मामी वांग्यांची देठं काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हनून टाक. नाई म्हनलं त जेवत नाईत ते." मग मी, भूगोलाची पदवी घेतलेली बाई, पातेलं हातात धरून अंगणाला म्हणाले, सरका. मामांनी जरा वेळ कान दिला, खालची लेकरं उठून बाजूला झाली असावीत असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि ते म्हणाले, "हं, टाक आता."

त्यानंतर सुट्टीत जेव्हा केव्हा जावं तेव्हा संध्याकाळी वाडीत बसून त्या मुलखाच्या गोष्टी ऐकायच्या, हा नेम झाला. सूर्य नसताना तिथे उजेड कसा, असं मी एकदा विचारलं, तर मामा विहिरीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिरीत चांदणं पडते थे जाते कुटं? झिरपते. थेच त्यायले पुरते." त्यामुळे तिथला उजेड नेहमी थंड, पाण्यातून गाळलेला. सावली कोणाला ठाऊक नाही. आपली जमीन म्हणजे त्यांचं आभाळ, आणि त्या आभाळातून झाडांची मुळं लोंबतात, त्यांवर पाखरं बसतात. पाऊस तिथे पडत नाही, पाझरतो, आणि पाझरण्याआधी मातीचा वास येऊन सांगून जातो. मुळा, गाजर, रताळं ही आपल्याला जमिनीतून उपटायची भाजी, पण त्यांच्या दृष्टीने आभाळाला लागलेली फळं. ती पिकली की तिथल्या बाया काठीला आकडी लावून काढतात. "आपन वरून वढतो, थ्या खालून वढतात. ज्याच्या हाताले आली त्याची." म्हणून मुळ्याचा एक वाफा मामा दर साली तसाच सोडून देत. मामी बाजाराच्या दिवशी त्या वाफ्याकडे पाहून सुस्कारा टाकत आणि बाकीच्या मुळ्यांच्या जुड्या बांधत.

कारभाराच्या बाबतीत मात्र हा मुलूख फार मागासलेला होता. निजाम गेला ही बातमी खाली कोणी पोचवलीच नव्हती. तिथे अजून निजामाचा हाली सिक्का चालायचा, तहसीलदार उर्दू शेरे मारायचा, आणि अर्ज केला की "मुलाहजा फर्माया जाये", म्हणजे पाहून घ्यावे, एवढा शेरा घेऊन तो पुढे सरकायचा. वर आंध्र प्रदेश झाला, तालुके जाऊन मंडलं आली, तेव्हा मामा म्हणाले, "राज्यं वरच्या वर बदलतात. मुळापर्यंत काई जात नाई." भाषेचं विचारलं तर तेलुगू आणि मराठी मिळून तिथे एकच भाषा होती, आणि तिचं व्याकरण कोणी लिहिलेलं नसल्यामुळे ती बोलताना चुकायची सोय नव्हती. आता बोला.

मी आदिलाबादच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायला लागले, तेव्हा मला वाटलं, या मुलखाचा एकदा निकाल लावावा. जेवणाच्या वेळी मामांना समोर बसवून मी पृथ्वीचं पोट समजावून सांगितलं. माती, मग खडक, मग तापलेला रस, आणि तिथे माणूस काय, मुंगीही जगायची नाही. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हे लिवनारा उतरला होता का खाली?" मी म्हटलं, नाही. "मंग त्यानं वरूनच सांगतलं. मी बी वरूनच सांगून राह्यलो." यावर ह्यांना इतकं हसू आलं की तोंडातला घास बाहेर आला. आमचे हे वीज खात्यात, त्यांना माझा पराभव कुठेही चालतो.

पण माझ्या भूगोलाचा मामांनी एक उपयोग करून घेतला. खालच्या मुलखात लिंबाच्या बरोबर खाली एक शाळा होती आणि त्या शाळेत एक पोरगी शिकत होती. राजे, तहसीलदार, बाजार यांच्या गोष्टी मामा कोणालाही सांगत, या पोरीच्या फक्त मला. ती फार खोडकर. मुळांना झोके बांधते, भाकरीची पोपडी खाते न बुड ठेवते, केस विंचरू देत नाही. नाव विचारलं की मामा विषय बदलायचे. दर जूनमध्ये वांग्यांची पिशवी घेऊन ते आमच्याकडे आले की पहिला प्रश्न ठरलेला, "सूनबाई, पाचवीले काय आसते भूगोलात?" पुढच्या जूनमध्ये सहावी. मी सांगायची, ते मान हलवत पाठ करून घ्यायचे. एका वर्षी त्यांनी पुन्हा सहावीच विचारली. मी म्हटलं, मामाजी, सहावी तर मागच्या साली झाली. ते खजील होऊन म्हणाले, "गनितात राह्यली. आमच्याच वळनावर गेली, दुसरं काय." मी हसले. दहावीनंतर पुढे काय, म्हटल्यावर कळलं की खाली कॉलेज नाही, कारण निजामाने काढलं नव्हतं. त्यानंतर ती घरीच होती, भरतकाम शिकत होती.

मग दोन उन्हाळे असे आले की विहिरीने तळ दाखवला. वाडी खरं तर मामींचीच होती. मामा गोष्टी लावायचे, भाजी मामी लावायच्या. त्या सरकारी हापशीवरून डोक्यावर हंडे आणून वांग्यांना घालू लागल्या, आणि त्यांचे गुडघे गेले. आदिलाबादच्या डॉक्टरने सांगितलं की आता ओझं उचललंत तर उठता येणार नाही. ह्यांनी मामांना सरळ विचारलं, "बोअर मारू, नाही तर वाडी विकून टाका न आमच्याकडे राहायला चला." वाडी विकायचं नाव काढताच मामी उठून आत गेल्या. आणि बोअरचं नाव काढताच मामांचा चेहरा उतरला. इंचाइंचाने खाली जाणारं ते यंत्र कोणाच्या छपरातून उतरेल याचा नेम नव्हता. तरी मामी रात्री पाय धरून बसतात हे तेही पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "मारा. पन जागा मी सांगीन."

त्यांनी सांगितलेल्या जागा म्हणजे मुलखाची गावठाणाबाहेरची जमीन, जिथे घरं नव्हती. पण पाणी बघायला पानाड्या बोलवावा लागतो, आणि पानाड्या नारळाचं ऐकतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वाडीभर फिरला. मामांच्या सगळ्या जागांवर नारळ ढिम्म हलला नाही. लिंबाखाली आला आणि तळहातावर ताडकन उभा राहिला. पानाड्याने तीन बाजूंनी येऊन पाहिलं, नारळ तिथेच उभा. "अथी हाय पानी," तो म्हणाला. "दुसरीकडं फक्त धूळ निंगन." मामांनी त्याच्या हातातून नारळ घेतला, घरात जाऊन देवापुढे ठेवला आणि वाडीतून चालत निघून गेले. मी म्हटलं, "शाळेवरच आला वाटतं नारळ," आणि हसले. मामी हसल्या नाहीत.

"तिथं आमची पोरगी हाय," मामी म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ बसले. "बारसं व्हायच्या पहिलेच गेली. तान्ह्या लेकराले आग देत नाईत, मातीत देतात. यायनं आपल्या हातानं दिली लिंबाखाली. मंग कितीक दिवस बोललेच नाईत. एक दिवस मी कढत पानी फेकाले अंगनात आली त धावत आले न म्हने, सरका म्हन पहिले. तवापासून हा मुलूख हाय." मी विचारलं, "तुम्हाला खरं वाटतं का मामी?" मामींनी पदराने गुडघा दाबला. "खऱ्याचं काय घेऊन बसली. मुलूख हाय त ते एकटी नाई ना."

बारसंही न झालेल्या एका पोरीला सोबत हवी, म्हणून या माणसाने राजा बसवला, बाजार भरवला, शाळा काढली, आभाळाला गाजरं लावली. आणि मी त्याला पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस समजावून सांगत बसले होते. ह्यांना मी सांगितलं, बोअरचं नाव काढू नका, काही दुसरं पाहू.

पण चार-आठ दिवसांनी मामाच आदिलाबादला आले. नवी टोपी, दाढी केलेली. "उद्या गोरज मुहूर्ताले या," म्हणाले. "लगीन हाय." ह्यांनी विचारलं, कोणाचं? मामा माझ्याकडे पाहत म्हणाले, "शाळेतल्या पोरीचं. वय झालं. किती दिवस ठेवनार आपल्यापाशी?"

आम्ही गेलो. लिंबाखाली सारवलं होतं, वर आंब्याचं तोरण होतं. गुरं परतत होती, त्यांची धूळ उन्हात सोनेरी होऊन वाडीवर आली, आणि त्या धुळीत मामी ठेवणीतलं लुगडं नेसून उभ्या होत्या. मामांनी मूठभर अक्षता सगळ्यांच्या हातात दिल्या. अंतरपाट नव्हता, भट नव्हता, वाजंत्रीला मामांनीच मनाई केली असणार. आम्ही मातीवर अक्षता टाकल्या. आमचे वीज खात्यातले हे, त्यांनीही टाकल्या, आणि तोंड फिरवून उभे राहिले. मग मामी खाली वाकल्या आणि त्यांनी लिंबाच्या बुंध्याशी ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, खण, आणि पानाड्याचा तो नारळ. तो नारळ खरं तर बोअरची गाडी आली की फोडायचा असतो. मामांनी तो देवापुढून आणून मामींच्या हातात दिला. "सुखानं जा माय," म्हणाले. लेकीला सासरी पाठवताना बाप रडतो तसे मामा रडले, चारचौघांत, उघड.

सकाळी बोअरची गाडी आली. गाडीवरचा माणूस तेलुगू, त्याने यंत्र लावलं आणि फोडायला नारळ मागितला. मामांनी त्याच्याच भाषेत सांगितलं की काल घरी लेकीचं लग्न झालं, नारळ ओटीत गेला. त्या भल्या माणसाने आणखी काही विचारलं नाही, गुळाचा खडा ठेवून हात जोडले. आता मामा "सरका" म्हणतील म्हणून आम्ही सगळे थांबलो. मामा म्हणाले, "चालवा. घर खाली झालं." धुळीनंतर चिखल आला, चिखलानंतर पाणी, आणि पाणी वर उडून लिंबाच्या फांद्यांतून खाली आलं. मामी त्याच्याखाली उभ्या राहून चिंब झाल्या आणि वांग्यांकडे बोट दाखवत राहिल्या.

मामा बांधावर पाठमोरे बसले होते. मी जवळ जाऊन विचारलं, "मामाजी, कुठे दिली?"

"लांब नाई दिली," ते म्हणाले. "आदिलाबादले दिली. तुया सैपाकघराच्या खाली. तुई नजर राहीन म्हनून."

"आणि नाव?"

"सासरी ठेवतात ना नवं नाव. तू ठेव."

मी ठेवलं. ते घरातलं आहे, इथे लिहीत नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाडी दुसऱ्यांना कसायला दिली आहे, लिंब आहे, बोअरला पाणी आहे. मामी आमच्याकडे असतात. आमच्या स्वयंपाकघरात आता फरशी आहे, मोरीला पाइप आहे, आणि तो पाइप कुठे जातो ते मला चांगलं माहीत आहे. तरी शेंगा उकडल्या की पातेलं हातात घेऊन मी थांबते. बाजूच्या खोलीत मामींची जपमाळ थांबलेली असते. मी त्या पोरीचं नाव घेते, "सरक गं बाई" म्हणते. जरा वेळ जातो. मग आतून मामींचा आवाज येतो, "हं, टाक आता."