त्याचा सीझन बाकी होता

दहाव्याची तयारी मी आदल्या दिवशीच संपवली होती. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. धाकटा भाऊ गेला तेव्हाही मी आधी कागद-पेन घेतलं आणि मग रडले. पिशोरच्या नदीकाठी लागणारं सामान, गुरुजी, न्हावी, पत्रावळी, शहरातून येणाऱ्यांसाठी दोन जीप. उन्हं चढायच्या आत सगळं आटोपेल असा माझा हिशेब होता. त्यात फक्त कावळा धरलेला नव्हता.

पिंड मांडून झाले, माणसं मागं सरली आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसले होते. एक तर खाली उतरून पिंडापासून हातभर अंतरावर चालला, मान तिरकी करून पाहिलं आणि परत फांदीवर गेला.

"त्याचं काहीतरी राहिलंय," माय म्हणाली.

काका पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "बाबा, मायची काळजी करू नको. आम्ही हाय ना." कावळा हलला नाही. मामांनी विहिरीच्या वाट्याचं सांगितलं. तरी नाही. "लग्नाचं राहिलं पोराचं," आत्या पदराआडून बोलली, पण त्याला आता कोण काय शब्द देणार?

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात सोय आहे." मी लगेच हो म्हटलं.

"गवताचा कावळा माझ्या लेकाला नको," माय म्हणाली. ती खाली बसली ती उठायचं नाव घेईना.

जीपला टेकून भावाचा मित्र उभा होता. शहरात, उस्मानपुऱ्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. शनिवारी संध्याकाळी अर्धं शटर ओढून दोघं तिथं फुटबॉल बघायचे. इतका वेळ तो लांबच थांबला होता. आता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आक्का, बुरा नक्को मानो. उसका सीझन बाकी है."

मला कळलं तो काय म्हणतोय. घरात सगळ्यांना कळलं असतं. कॉलेजात असताना भावानं शहागंजात जुन्या कपड्यांच्या ढिगातून एक टी-शर्ट उचलला होता. छातीवर कुठल्याशा क्लबचं चिन्ह. ते कुणाचं म्हणून शोधायला गेला आणि इंग्लंडातल्या एका कारखान्यांच्या गावाचा संघ याच्या गळ्यात पडला. तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमधून दर वर्षी शेवटचे तीन संघ खाली ढकलतात आणि खालचे तीन वर घेतात. यानं टी-शर्ट घेतला त्याच वर्षी याचा संघ खाली गेला. माय लग्नाचं बोलायची तेव्हा हा म्हणायचा, "टीम वर आली की करतो." टीम काही येईना. चिडवून चिडवून आमच्या जिभा दमल्या. आणि यंदा मे महिन्यात ती वर आली. त्यानं पेढे वाटले. मायनं दुसऱ्याच दिवशी देवगाव रंगारीच्या नातेवाइकांना मुलगी बघा म्हणून फोन लावला. जुलैमध्ये कन्नड रस्त्यावर पावसात त्याची मोटारसायकल घसरली.

मी पुढं झाले. इतक्या माणसांत असलं बोलायची लाज वाटत होती. "तुझी टीम वरच्या लीगमध्ये खेळंल ते मी बघीन," मी म्हटलं. "सगळा सीझन बघीन. एक सामना चुकवणार नाही."

मागं कुणीतरी हसलं. ते हसणं विरायच्या आत कावळा पिंडावर होता.

मी असल्या गोष्टी मानत नाही. कावळ्याला भूक लागते आणि माणसं मागं सरली की तो उतरतो, एवढंच. पण हातावरचा काटा शहरात शिरेपर्यंत बसला नाही.

सीझन सुरू व्हायला महिनाभर होता. मायला मी माझ्या घरी आणलं. भावाचा फोन मी चार्ज करून टीव्हीशेजारच्या खणात ठेवत होते, कारण बँकेची कामं त्याच नंबरवर अडकली होती. त्या फोनवर क्लबच्या बातम्या येत. नवा गोलकीपर घेतला. जुना कप्तान विकला. दुपारच्या शांततेत खण थरथरायचा आणि माय मला हाक मारायची, "आक्के, त्याचं आलं बघ."

ते बंद करणं माझ्या हातात होतं. एक बटण दाबायचं काम. माझ्या यादीत ते रोज लिहिलेलं असे आणि रोज उद्यावर जाई. हळूहळू मी स्वयंपाक करतानाही कान तिकडं ठेवू लागले. एका दिवशी दुपारपर्यंत काहीच आलं नाही, तर हात पुसून जाऊन खण उघडून पाहिला.

सरावाचा एक सामना मित्रानं घरी येऊन टीव्हीवर लावून दिला, मला शिकवायला म्हणून. तो ऑफसाइडचा नियम समजावत होता. पडद्यावर चेंडू मैदानाच्या मध्यावर, कुणी पळतही नव्हतं, आणि खणातला फोन थरथरला. मित्र बोलता बोलता थांबला. मग समोरच्या संघाचा एक जण डाव्या बाजूनं सुटला आणि गोल झाला.

"त्याला आधीच कळलं," माय म्हणाली.

"खाला, टीव्हीवर चित्र उशिरा येतं," मित्रानं समजावलं. "फोनवर बातमी पहले येते. नेटचं हाय ते."

"मी तेच म्हणते," माय म्हणाली. "त्याला आधीच कळलं."

त्या सामन्यात आमची टीम तीन गोलांनी हरली. नंतरचे सरावाचे सामनेही हरली. मित्र सांगायचा नाही, पण चेहऱ्यावरून कळायचं. शेवटी मायनंच त्याला गाठलं. "वर टिकतील का रं?"

"मुश्किल हाय, खाला. सब बोल रहे, सीधे नीचे जाएंगे."

त्या दिवसापासून मायचं जेवण कमी झालं. चौथ्या दिवशी तिनं मनातलं बोलून दाखवलं. "ती खाली गेली तर ह्याचा जीव पुन्हा अडकंल का गं?"

"माय, मी बघीन म्हटलं होतं. जिंकवीन नाही म्हटलं."

"कावळ्याला काय समजलं ते तुला काय ठाव?"

मला हसू यायला हवं होतं. उलट त्या रात्री मी नदीकाठचं माझं वाक्य शब्द न् शब्द आठवत पडले. सगळा सीझन, म्हणजे मेपर्यंत. तोवर तो कुठं असणार? आणि मेनंतर? हे मी कशात बसवायचं? ऑफिसात कुठल्याही कामाला शेवटची तारीख घालणारी मी, इथं मात्र कधी सुटू द्यायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

सीझनचा पहिला सामना शनिवारी संध्याकाळी होता. मित्र दुकान लवकर बंद करून आला. माय पाटावर ताठ बसली, लग्नात बसते तशी. दोन्ही संघ रांगेनं मैदानात आले. हजारो माणसं उभी राहून गात होती.

"ह्यातली आपली कोणती?"

मित्रानं दाखवली.

"ही वरची लीग ना? पक्की?"

"व्हय, खाला. सबसे वरची."

मायनं त्या पोरांकडं एकटक पाहिलं. अकराही तोंडं निरखून पाहिली असावीत. मग तिनं पडद्याकडं पाहून हात जोडले आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आली वर. दिसली. झालं त्याचं," ती मला म्हणाली. "बंद कर आता. जाऊ दे त्याला."

इतक्या दिवसांत तिचा आवाज असा मोकळा नव्हता. तिच्यापुरतं सगळं फिटलं होतं. रिमोट माझ्या हातात होता. मित्रानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"माय, आत्ताच सुरू झालाय," मी म्हटलं.

"मग?"

"शेवटपर्यंत बघीन म्हटलंय मी."

"मी सांगते ना. पोहोचलं त्याला."

समोर चेंडू आमच्या संघाकडं होता. कुणीतरी तो मागं गोलकीपरकडं दिला, उगीच, वेळ काढायला. मी रिमोट पदराखाली घेतला. आवाज एका घरानं वाढवला.

 माय आत गेली. देवापाशी घंटी वाजली नाही, भांड्यांचाही आवाज आला नाही. मी पडद्यावरची नजर काढली नाही.