तळोज्याच्या मशीनचं कोरं उत्तर

मंडळी, आत्ताच तळोज्याहून आलोय आणि भलताच खूश आहे.

आमचा डीबगर केबलवरून मशीनशी बोलून तिच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. त्याची बोलायची पद्धत आम्ही बदलली, पण तिथल्या कारखान्यातल्या मशीनची चिप जुनीच. साहेब म्हणाले होते, जुनी पद्धत काढून टाक. मी ठेवली.

आज डीबगरने आधी विचारलं, नवी पद्धत येते का? मशीनने कोरं उत्तर पाठवलं. सुपरवायझर मुकादमभाई घाबरले, "बंद पडली काय? आत माल हाय."

मी हसलो. कोरं म्हणजे 'येत नाही'. डीबगर लगेच जुन्या पद्धतीवर आला आणि मशीन भराभर बोलायला लागली.

मुकादमभाई खुशीत म्हणाले, "आमची सून अम्मीला विचारते, फ्रिजचं पाणी देऊ? अम्मी गप्प राहिली की माठातलं देते."

तुमच्या घरी असं कोण गप्प राहतं?