झाम्बेता चार दिवस एकटी जाते

जिन्याच्या चौदा पायऱ्यांपैकी सात पायऱ्यांच्या कडांना चुना लावून झाला होता, आणि आठव्या पायरीवर झाम्बेताने कुंचला बादलीत टाकला. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि अंगणात जाळं शिवत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "याकोवोस, मी शुक्रवारच्या बोटीने सिफ्नोसला जातेय. चार दिवस. एकटी."

याकोवोसने मान वर केली नाही. "कोण वारलं?"

"कुणी नाही."

"मग लग्न कुणाचं?"

"लग्नही नाही. सुट्टी. लोक घेतात ना, तशी."

आता मात्र त्याने सुई खाली ठेवली. त्याचंही चुकलं नाही म्हणा. आमच्या पारोस बेटावरच्या डोंगरातल्या गावात बाई एकटी बोटीत बसते ती दोनच कारणांनी, एक दवाखाना आणि दुसरा नवस. तिसरं कारण कुणी ऐकलेलं नव्हतं. पलीकडच्या अंगणात राहणारी त्याची थोरली बहीण मोस्खूला, तिच्या कानांना भिंत आडवी येत नाही. तिचं डोकं लगेच भिंतीवर उगवलं.

"भांडलात की काय गं?"

"वन्सं, भांडायचं असतं तर इथेच भांडले असते. त्याला बोटीचं तिकीट कशाला?"

"दोन दिवसांत परत येशील, लिहून ठेव," मोस्खूला म्हणाली. "कुणाला तरी वाढल्याशिवाय तुला झोप लागत नाही."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते झाम्बेताला झोंबलं.

तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत आणि एकतीस उन्हाळे त्या ती पाहुण्यांना भाड्याने देत आली आहे. त्यात दरवर्षी दोन-तीन बायका एकट्या येतात. हातात पुस्तक, डोक्यावर टोपी, सोबत कुणीही नाही. झाम्बेताचा जीव तुटायचा. ती अंजिरं घेऊन जायची, पालकाची वडी भाजून न्यायची, शेजारी खुर्ची ओढून बसायची. "एकटीच का गं? नवरा नाही? आई आहे ना तरी?" सहा वर्षांपूर्वी एक उंच डॅनिश बाई आली होती, आमची ग्रीक भाषा पुस्तकातून शिकलेली. निघताना तिने झाम्बेताचे दोन्ही हात धरले आणि एकेक शब्द जपून जुळवत म्हणाली, "तुम्ही फार प्रेमळ आहात. पण मी इथे आले होते ते मला कुणी काही विचारू नये म्हणून."

पहिलं वर्षभर झाम्बेताला त्या बाईचा राग होता. दुसऱ्या वर्षी तिने तो राग पाद्रीबाबांपुढे कबूल केला. बाबा म्हणाले, "अगं, जुने साधूसुद्धा वाळवंटात एकटेच राहायचे."

"बाबा, त्यांच्यामागे तीन खोल्यांच्या चादरी नव्हत्या," झाम्बेता म्हणाली.

पण तिसऱ्या वर्षापासून रागाच्या जागी कुतूहल येऊन बसलं. इतक्या लांबून, इतका खर्च करून या बायका जे घ्यायला येतात ते आहे तरी काय? आपण रोज त्यांची खोली झाडतो, पण ती चीज काही आपल्या केरात सापडत नाही. यंदा सप्टेंबरात क्रुसाचा सण उरकला, शेवटचा पाहुणा गेला, आणि चुना लावता लावता तिला वाटलं, आपल्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. आता नाही बघितलं तर कधी बघणार?

शुक्रवारी दुपारी ती सिफ्नोस बेटावर समुद्रालगतच्या एका गावात उतरली. खोली स्वच्छ होती. तरी तिने पलंग ओढून त्याच्यामागे झाडलं, खिडकीच्या काचा पुसल्या, नळाभोवतीचा पांढरा थर लिंबाने घासून काढला. संध्याकाळी घरमालकीण डोकावली आणि तिचा चेहराच उतरला. "बाई, माझं काही चुकलं का?" तिची समजूत घालता घालता कॉफी झाली, कॉफीबरोबर तिच्या सुनेची सगळी कहाणी झाली, आणि दिवस बुडाला.

शनिवारी ती बंदरावरच्या खानावळीत गेली. मालकाने विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही."

त्याने मान हलवली आणि समोर दुसरी थाळी मांडलीच. ती रिकामी थाळी शेजारच्या टेबलावरच्या माणसांना बघवली नाही. त्यांनी आधी वाइनचा तांब्या पाठवला, मग खुर्च्या सरकवल्या. "कुणाच्या घरची तू? पारोसची? म्हणजे जाळीवाल्या याकोवोसची? अगं, त्याच्या आत्याच्या दिराने आमची होडी रंगवली होती!" जेवण होईतो झाम्बेताला तीन जणांचे दुखरे गुडघे आणि एका जमिनीचा खटला तोंडपाठ झाला होता.

संध्याकाळी याकोवोसचा फोन आला. "ओरेगानोची बरणी कुठे?" मागून मोस्खूलाचा आवाज: "तिला सांग, उद्याची बोट साडेचारला आहे!"

फोन ठेवून झाम्बेता पलंगावर बसली. दोन दिवस गेले आणि एकटेपणाचा एक तासही हाती लागला नव्हता. असंच चाललं तर वन्संचं म्हणणं खरं ठरणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या डॅनिश बाईचं कोडं तसंच राहणार होतं. तिने उशाशी ठेवलेल्या देवमातेच्या छोट्या चित्रापुढे क्रुसाची खूण केली. "पानायिया माउली, मला एक दुपार दे. एकच. पुढचं मी बघते."

माउली देते, पण आपल्या पद्धतीने.

रविवारी सकाळी झाम्बेता प्रार्थनेला गेली. प्रार्थना संपली, पाद्रीबाबांनी तळहातावर प्रसादाच्या पावाचा तुकडा ठेवला आणि चर्चमधून बायकांचा लोंढा निघाला तो थेट भट्टीकडे. आमच्याकडे काय आणि सिफ्नोसला काय, रविवारचे छोले घरात शिजत नाहीत. शनिवारी संध्याकाळी कांदा, तेल, तमालपत्र घालून मातीची हंडी गावच्या भट्टीत ठेवायची, ती रात्रभर विस्तवाच्या कडेला मुरते, आणि रविवारी चर्चमधून येताना ज्याची त्याने खूण ओळखून न्यायची. चाळीस हंड्या जमिनीवर मांडलेल्या असतात. भट्टीवाला कुणाची हंडी कुणाला देत बसत नाही. खूण चुकत नाही कुणाची.

लोंढ्याबरोबर झाम्बेता चालत राहिली. तोंडात प्रसाद होता, मनात प्रार्थनेची धून होती, आणि पाय पस्तीस वर्षांच्या सवयीचे होते. तिसऱ्या रांगेत डाव्या कानाला निळी चिंधी बांधलेली, झाकणाचा टवका उडालेली हंडी तिला दिसली. तिने डोक्यावरचा रुमाल काढून दोन्ही कानांभोवती गुंडाळला, हंडी उचलली, भट्टीवाल्याला "चांगला आठवडा जावो" म्हटलं आणि घरी निघाली.

म्हणजे खोलीवर. टेबलावर हंडी ठेवून तिने थाळ्या काढायला फडताळ उघडलं. तिथे एकच थाळी होती. झाम्बेता त्या थाळीकडे बघत राहिली. मग हंडीकडे बघितलं.

आपण काल कुठे छोले भिजवले होते?

"अगं बाई! चोरी केली मी! आणि तीही प्रसाद तोंडात असताना!"

ती हंडी कवटाळून जवळजवळ पळतच परत गेली. भट्टीसमोर गर्दी पांगली होती, पण एक काठीवाली म्हातारी भट्टीवाल्याला धारेवर धरून उभी होती. मागे तिचा पन्नाशीचा मुलगा आणि नातवंडांची पलटण.

"पन्नास वर्षं!" म्हातारी काठी आपटत होती. "पन्नास वर्षं माझी हंडी इथे येते. लढाईतसुद्धा हरवली नव्हती!"

"एव्दोकिया आजी, लढाईच्या वेळी तू पाळण्यात होतीस," भट्टीवाला म्हणाला.

"मग काय झालं? हंडी होतीच की!"

झाम्बेता कोपऱ्यावर थबकली. भिंतीच्या आडून हंडी ठेवावी आणि सटकावं, कुणाला कळणारही नाही, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. आला तसाच तिने त्याला हाकललंही. पुढे होऊन तिने हंडी म्हातारीच्या पायाशी ठेवली.

"आजी, मीच नेली. माझ्या घरच्या हंडीला अशीच चिंधी आहे. माझं घर पारोसला आहे."

मग भट्टीवाला आधी हसला, त्याच्या मागून मुलगा, आणि मग म्हातारी इतकी हसली की तिला काठीवर टेकावं लागलं. "म्हणजे ही माझी हंडी बोटीने पारोसला निघाली होती म्हणा!" मुलगा, त्याचं नाव नेक्तारियोस, त्याने झाम्बेताचा दंड धरला. "चला ताई. देवाने पाहुणा पाठवला. आता आमच्याकडेच जेवायचं."

नाही म्हणायला तिला तोंड कुठे होतं? पाच मिनिटांत ती अकरा माणसांच्या टेबलावर होती. लिंबं कापली जात होती, पाव मोडला जात होता, आणि प्रश्न सगळीकडून येत होते. नवरा जिवंत आहे? मग आला का नाही? मुलं विचारत नाहीत का? नेक्तारियोसच्या बायकोने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "एकटीच का गं ताई? बिचारी!"

झाम्बेताने चमचा खाली ठेवला. हा आवाज ओळखीचा होता. हा तिचाच आवाज होता. एकतीस उन्हाळे याच सुरात, हाच हात, हीच 'बिचारी'. आणि त्यात कणभरही खोट नव्हती, म्हणूनच तर त्यातून सुटका नव्हती. तिला वाटलं, त्या डॅनिश बाईला ते एक वाक्य बोलायला केवढं धैर्य लागलं असेल.

"तुमचे उपकार विसरणार नाही," ती हळू म्हणाली. "पण मी एकटं राहायलाच आले आहे. कुणावर रागावून नाही. बघायला, कसं असतं ते."

नेक्तारियोसने बायकोकडे बघितलं. "आजारी आहेत का या?"

"तू गप्प बस," एव्दोकिया म्हणाली. म्हातारीने वाडगा घेतला, काठोकाठ छोले भरले, वर थाळी पालथी घातली, थाळीवर पाव आणि अर्धं लिंबू ठेवलं. "ऊठ, पोरी. खाली खडकांकडे जा, तिथे वारा लागत नाही. तुझ्यामागे कुणी येणार नाही. हा आला तर दगड मार."

"आई!"

"पन्नास वर्षं या टेबलावर अकरा माणसं बसतात," म्हातारी झाम्बेताला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "एकदा पाय मोडला म्हणून सायरोस बेटावरच्या दवाखान्यात तीन दिवस पडून होते. भिंतीकडे बघत. कुणाला सांगितलं नाही आजवर, पण फार छान गेले ते तीन दिवस."

"आणि आम्ही इथे रडत होतो!" नेक्तारियोस म्हणाला.

"म्हणूनच नाही सांगितलं."

खडकांवर कुणी नव्हतं. झाम्बेताने लिंबू पिळलं आणि जेवली. कुणी मीठ मागितलं नाही, कुणासाठी उठावं लागलं नाही, आणि छोले शेवटच्या घासापर्यंत गरम होते. हे तिला इतकं नवं होतं की ती मध्येच थांबून वाडग्याला हात लावून बघायची. मग ती नुसती बसली. पहिला अर्धा तास मन घरात फिरत होतं, बरणी सापडली असेल का, कोंबड्यांना पाणी घातलं असेल का. मग तेही थकून बसलं. समुद्र खडकाच्या एकाच खळग्यात येत होता आणि जात होता. तिने हळूच प्रार्थनेतल्या दोन ओळी म्हटल्या, आणि पहिल्यांदाच कुणासाठी काही मागितलं नाही.

साडेचारला पारोसची बोट भोंगा देऊन निघून गेली. ती झाम्बेताला ऐकूही आली नाही. ती खडकाला पाठ लावून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपली होती.

उठली तेव्हा ऊन पाण्यापर्यंत उतरलं होतं. तिने वाडगा समुद्राच्या पाण्याने घासला, मग गोड्या पाण्याने धुतला आणि एव्दोकियाच्या ओट्यावर ठेवून आली. दार उघडं होतं, आतून बोलण्याचे आवाज येत होते. म्हातारीने खिडकीतून बघितलं, नुसता हात हलवला, आणि दुसऱ्या कुणाला काही कळायच्या आत पडदा ओढून घेतला.

सोमवारी सकाळी मोस्खूलाचा फोन आला. "अजून तिथेच? काय करतेस तरी काय?"

"काही नाही, वन्सं."

"काही नाही म्हणजे काय?"

"काहीच नाही. मंगळवारी सांगेन." फोन ठेवताना तिने मान वळवली आणि कळवळली. खडकावरच्या झोपेने मान आणि नाकाचा शेंडा लालबुंद झाला होता. तिने रुमाल बांधला आणि उन्हाने भाजल्यावर लावायचं मलम आणायला औषधाच्या दुकानाकडे निघाली.